काचेतली मोट

हसू नका, पण माझी मोट मी एकदा काचेच्या कपाटात पाहिली आहे.

धाकटा भाऊ नथू मोठ्या शहरात जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. मी कळसाडीहून लाडवांची पिशवी घेऊन त्याला भेटायला गेलो. त्याच्या मित्रांनी विचारलं, "हे कोण?"

नथू म्हणाला, "गावाकडचे आहेत."

मी ऐकलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मग त्याच्या प्राध्यापकांनी आम्हा सगळ्यांना कॉलेजचं विज्ञान संग्रहालय दाखवलं. एका कपाटात लाकडाची छोटी विहीर, बैलजोडी आणि चामड्याची मोट होती. ते म्हणाले, "पाणी उपसायची ही जुन्या काळातली पद्धत."

मी म्हणालो, "साहेब, मन्ही मोट अजून चालू शे."

पोरं हसली. नथूनं मान खाली घातली.

मी काचेजवळ वाकलो. जाड नाडा होता, पण मोटेची सोंड वर धरणारा बारीक दोरच नव्हता.

"साहेब, पाणी वर येवाना आधीच सोंडमातून विहिरमा सांडी जाई. बैल बिचारा फुकट मरतीन."

प्राध्यापकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "हे कोण आहेत?"

दोन वर्षांत नथूच्या तोंडून आमची बोली मी ऐकली नव्हती. तो पुढे आला.

"सर, हाऊ मन्हा मोठा भाऊ शे."

लाडवांच्या पिशवीची सुतळी सोडून मी मोटेच्या सोंडेला बांधली. कपाटाचं दार नथूनंच धरलं होतं.