दोनदा होणा

— बोला की, थांबलात कां? 'ही म्हातारी मला टोपी घालतेय', इथपर्यंत आलं होतं तुमचं. आईला सांगत होतात ना फोनवर? आता तोंड कशाला लपवता, बसा त्या स्टुलावर. अय्यो, आम्ही मराठीच आहोत हो! तंजावरचे. तीनशे वर्षं झाली — तुमच्या जरा आधी आलो, एवढंच. या बाजारात येणारे तुमच्याकडचे प्रवासी सगळे हेच करतात. लोखंडी खांबांचे फोटो काढायचे, छताकडे बघून 'बापरे, किती जुनं' म्हणायचं, आणि मग माझ्याच दुकानासमोर उभं राहून मराठीत माझा उद्धार करायचा. मी ऐकून घेते. करमणूक होते माझी. फक्त म्हातारी म्हणू नका, अठ्ठावन्न म्हणजे काय वय आहे?

हं, तो चोंबू. कथलाचा आहे. सार करायला — तुम्ही रसम म्हणता ते. पण रिकामा गॅसवर ठेवायचा नाही हां! आधी पाणी, मग जाळ, नाही तर वितळून खाली येतो. गेल्या वर्षी तुमच्या पुण्याच्याच एका बाईंनी ठेवला, आणि मला फोन — 'अलमेलूबाई, तुमचं भांडं घामाघूम झालंय, काय करू?' काय करणार, पुसा म्हटलं! हसा, हसा. कॉफी सांगू तुम्हाला?

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. 'हो ना'... होय की, तुम्ही असंच म्हणता. कॉफी हवी असली की 'हो ना'. आणि आमच्या घरांत 'होणा' म्हणजे काय, माहीत आहे? नको! जेवण होणा, कॉफी होणा — नको, नको. गंमत वाटते ना? मलाही वाटायची, गेल्या रविवारपर्यंत.

माझी एक मुलगी आहे, हरिणी. इथेच पेरुंगुडीला कंपनीत आहे, मोठं काम करते, हाताखाली दहा माणसं. तिचं लग्न ठरलंय. मुलगा नाशिकचा, देवेश, इकडे अंबत्तूरला कारखान्यात असतो. गुणी आहे, सांबार भुरकून पितो. रविवारी त्याच्या आईचा फोन आला, चित्राबाईंचा. पहिल्यांदाच बोलत होतो आम्ही. इकडचं तिकडचं झालं आणि त्या म्हणाल्या, 'देवेशला नाशिकला बदली मिळतेय, हरिणी नोकरी सोडून येईल ना?' मी घाईघाईनं म्हटलं — होणा, होणा! दोनदा. काय ऐकलं असेल त्यांनी, सांगा. अहो, तिथल्या तिथे नवऱ्याला हाक मारून पेढे आणायला सांगितलं!

आता घरांत काय चाललंय? देवेश म्हणतो, तुझ्या आईनं शब्द दिला. हरिणी म्हणते, माझी अम्मा असं म्हणणारच नाही, तुझी आई खोटं बोलते. दोघांचं बोलणं बंद. मला विचारलं तिनं, अम्मा, तू हो म्हणालीस? मी म्हटलं, छे, मी नाही म्हणाले. खोटं आहे कां ते? नाही ना? उद्या तो बदलीच्या कागदावर सही करणार, आणि ही म्हणते, केलीस तर लग्न मोडलं.

लगेच कां नाही सांगितलं? अहो, फोनवर काय कळतं, आवाज नीट येत नव्हता, या छताखाली तर — तसं नाही. बघू नका असं. घरीच होते मी. आवाज स्वच्छ होता. पेढ्यांचं ऐकल्याबरोबर कळलं मला. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्या म्हणाल्या, 'किती सुंदर मराठी बोलता हो तुम्ही!' मला! इथे तमिळवाले हसतात, तिकडचे येऊन हसतात, हरिणी तर मैत्रिणींसमोर मला बोलूच देत नाही. उभ्या जन्मात कोणी म्हटलं नव्हतं तसं. मग कसं सांगणार, की बाई, तुम्हाला माझा एक शब्दही कळला नाही? 'थँक्यू' म्हटलं आणि गप्प बसले. पाच दिवस गप्प आहे. लाज वाटते हो, पोरीपेक्षा मला ती शाबासकी गोड लागली.

तुम्ही बोलता कां त्यांच्याशी? तुमचं मराठी कळेल त्यांना, सांगा की तो शब्द — नाही? मान काय हलवता नुसती? मीच? बरी भेटलात. एवढा वेळ मी तुमची थट्टा केली, त्याचं उट्टं काढता होय? सरि, बरं, मीच सांगते. द्या तो चष्मा इकडे. लावते फोन.

— हॅलो, चित्राबाई? मी अलमेलू, हरिणीची अम्मा. जेवण झालं? ... नाही, आधी ऐका. रविवारी मी 'होणा' म्हटलं, ते आमच्याकडे 'नको' असतं. नको म्हटलं होतं मी. हरिणी नोकरी सोडणार नाही. पोरगी खरं बोलतेय, तुम्हीही खरं बोलताय. आणि — तुमचा गैरसमज झाला हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी बोलले नाही. तुम्ही माझ्या मराठीला सुंदर म्हणालात, म्हणून... हॅलो? चित्राबाई?

नाही, ठेवला नाही त्यांनी. तुम्ही जा आता. जा म्हणते ना, यापुढचं मला तुमच्यासमोर बोलता यायचं नाही.