वैजीच्या हिरड्या अन् माही नीळ

“वैजीच्या हिरड्यांवर निळा लाईट मारला म्हणे, अन् हालते दात एकदम पक्के झाले, पण ती म्हणे गोजराबाईले—” बस्स. एवढंच ऐकू आलं मले, अन् नेमकी गिरणी सुरू झाली. आता त्या घरघरीत कोणाले काय ऐकू येते? सांगणाऱ्या आमच्या गावच्या नानीबाईचे ओठ हालून राह्यले, समोरची सुकेशनी मान डोलावून राह्यली, अन् मी ज्वारीचा डबा कमरेवर धरून तशीच उभी. गोजराबाई म्हणजे मीच ना, बाई. आमच्या गावात दुसरी गोजराबाई हाय कुठं? मंग गोजराबाईले काय? गोजराबाईले सांगा? गोजराबाईले सांगू नका? गोजराबाईलेही घेऊन या? तुमीच सांगा आता— नाई नाई, तुमी बोलू नका, कापूस दाबून धरा. दाढ काढली ना आताच? अर्धा घंटा तोंड उघडाचं नाई म्हणते ती काउंटरवरची पोरगी. तुमी नुसती मान हालवा. मंगरूळच्या का? हां. तरीच. कारंज्याच्या असत्या तर एवढ्या वेळात इथं चार जणींनी इचारलं असतं, काय झालं म्हणून. मी मानोऱ्याकडची, पोहरादेवीच्या अलीकडं आमचं गाव. पदर राहू द्या माह्या तोंडावर, तो असाच बरा हाय. त्याचंही सांगते, पण आधी वैजीचं ऐका.

वैजी म्हणजे वैजयंती, माही शेजारीण. ओट्याले ओटा लागून. मी लग्न होऊन आली अन् दोन वरसांनी ती आली. बत्तीस वरसं झाली आता. दुपारची जेवणं झाली, भांडे घासून पालथे घातले, का वैजी माह्या ओट्यावर. अन् मी मिसरी काढणार. तुमी लावता का मिसरी? नाई? बरं हाय. आमी लावतो. तंबाखू मी आणणार, तव्यावर मीच भाजणार, काळी कुळकुळीत होईलोक, खलात मीच कुटणार— घरभर असा ठसका उठते का आमच्या गोलूचे बाबा चप्पल घालून बाहीर पळतात. बाजारची डबी वैजीले चालतच नाई. “गोजरे, तुह्या हातचीच पाह्यजे,” म्हणे. मंग बोटावर घ्याची, हिरड्यांवर चोळाची, थुकाचं अन् बोलाचं, पुन्हा चोळाची. अर्धं गाव त्या ओट्यावर आमाले कळाचं. उरलेलं अर्धं आमी गावाले कळवत होतो. अन् हिरड्यांतून रक्त येते, खालचे दात हालतात, सकाळी उशीले लाल डाग दिसते— हे वैजीचं मले माहीत, माहं वैजीले माहीत. नवऱ्याले नाई सांगितलं आमी. तिनं तिच्या सुनेले नाई सांगितलं, म्या गोलूले नाई. दोघी मिळून चहात पोळी बुडवून खात होतो अन् हसत होतो, का पडले तर दोघींचे संगंच पडतील.

अन् मंग यंदा सोयाबीन निघालं, अन् हिचं ओट्यावर येणं बंद. आज काय, तर डोकं दुखते. उद्या काय, तर पाहुणे हाय. पाहुणे! माह्या खिडकीतून तिचं अख्खं अंगण दिसते, बाई. कोंबडी आली तरी मले समजते, पाहुणे कसे आले न दिसता? म्या दोन दिवस मिसरी काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी एकटीच लावली. एकटीनं मिसरी लावणं म्हणजे— कसं सांगू— पंगतीत एकटंच जेवल्यावानी वाटते. म्या डबी बंद केली.

मंग एका संध्याकाळी ती येष्टीतून उतरली. संगं कोण? नानीबाई! जिले बसची पाटी वाचता येत नाई ती नानीबाई. मी आडवी गेली. “काय व वैजे, कुठं गेल्ती?” तर म्हणे, “गेल्ती कामानं.” अन् एवढं बोलाले तोंड उघडलं, तर हिरडीच्या कडेकडेनं निळं! शाईची दौत लवंडल्यावानी. म्या म्हन्लं, हे काय? “औषध हाय,” म्हणे, अन् मिटलं तोंड, अन् मिटला दरवाजा. आता मले काळजी वाटंल का नाई? म्या फक्त दोघींले सांगितलं का वैजीच्या हिरड्या निळ्या पडल्या, काईतरी भलतं खाल्लं वाटते तिनं. फक्त दोघींले. आता ते फिरत फिरत तिच्या सासूच्या कानावर गेलं, अन् म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं, त्याले मी काय करू? मी कोणाचं काई मनात ठेवत नाई, बाई. मोकळा स्वभाव हाय माहा. मागच्या वरसी एका लग्नात शालिग्राम गुरुजींची कवळी लाडूत फसून पत्रावळीवर येऊन पडली. सगळीच्या सगळी! हसल्यावानी दिसत होती तिथं पडल्या पडल्या. म्या डोळ्यानं पाह्यली. पाह्यली तर सांगा लागते का नाई? दिवस मावळेलोक गावभर झालं. गुरुजी तवापासून कोणाच्या पंगतीले बसत नाईत, जेवण घरी बांधून नेतात. पण मी काय खोटं बोलली होती का? सांगा. मान नाई हालवली तुमी.

तर त्याच्या आठ दिवसांनी ते गिरणीवरचं. तुमाले म्हन्लं ना— लाईट मारला, दात पक्के झाले, अन् गोजराबाईले— झोप नाई आली हो मले. मी कड बदलते तर गोलूचे बाबा म्हणे, “काय झालं?” काय सांगू त्याईले? का वैजीचे दात पक्के झाले म्हणून मले झोप नाई? जळते म्हणता? तुमचे डोळे तसंच म्हणून राह्यले. मी कायले जळू? बरं, जळते. थोडीशी. आंबट ढेकर वर येऊन अडकते ना, तसं होते. दातांचं नाई एवढं. दात तिचे चांगले झाले, होऊ दे, तिनं हुरडा खावा, ऊस खावा. पण बत्तीस वरसांत माहेरीसुद्धा मले सांगितल्याबिगर गेली नाई ती, अन् दवाखान्यात नानीबाईले घेऊन जाते? दात तर माहेही हालत होते ना? “चाल गोजरे, दोघी दाखवू,” एवढं म्हन्लं असतं तर काय जीभ झिजली असती?

मंग म्या ठरवलं, मले कोणाची गरज नाई. बसली इचार करत. काय लागते? निळं लागते अन् लाईट लागते. निळं तर घरातच हाय— गोलूच्या बाबाच्या पांढऱ्या कपड्याची नीळ. अन् लाईट? सूर्यापेक्षा मोठा लाईट कोणत्या डाक्टराकडं हाय? भर दुपारी स्लॅबवर चढली. नीळ घेतली बोटावर, अन् चोळली हिरड्यांवर. हात तर बसलेलाच हाय, बत्तीस वरसांचा. अन् बसली सूर्याकडं तोंड वासून. वरून मोबाईलची बॅटरीही लावली, का आतल्या दाढांले कमी पडू नये. अर्धा घंटा! हसू नका— कापूस पडंल तुमचा. आधी झणझणलं, मंग आग आग झाली. खाली येऊन चूळ भरते तर न्हाणी निळी, पदर निळा, ओठ निळे. आज तिसरा दिवस, अजून जात नाई. गोलूचे बाबा म्हणे, “काय व, आता तुले झटकून दांडीवर वाळू घालू का?” हा घ्या, पाहा. पाह्यलं? झाकते आता.

अन् त्यावेळी बाजूच्या स्लॅबवर कोण होतं? वैजी. सोयाबीनच्या वड्या उलथत होती. सगळं पाह्यलं तिनं. म्या वासलेलं तोंड मिटलं, ती उतरून गेली खाली. मले वाटलं, आता हे गावभर करते ही. म्या तर केलं असतं. संध्याकाळी तिची सून आली अन् दवाखान्याचं कार्ड ठेवून गेली माह्या ओट्यावर. नुसतं कार्ड. मंग गोलूनं फोन करून नंबर लावला— ही डाक्टरीणबाई चेतना मॅडम, इथल्या कपड्याच्या दुकानवाल्या सुगनचंदजींची सून हाय म्हणे. हात हलका हाय का? तुमाले दुखलं का दाढ काढताना? मान हालवा ना.

थांबा. ती पोरगी मले बोलावून राह्यली. फारम भराचा असंल. माही पिशवी पाह्यजा जरा. आलीच मी.

सरका. बसू द्या.

नाई, काई नाई. नाव इचारलं, वय इचारलं, शुगर हाय का इचारलं. वैभवी नाव हाय तिचं, पोरगी चांगली हाय. पदर बाजूले केला तर आधी दचकली, मंग हसू दाबत म्हणे, “आजी, कपड्याची नीळ लावली? चेहऱ्यावरून कळतेच ते.” आजी म्हन्लं मले. मंग भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून सगळं समजावलं तिनं. तो लाईट निळा नसतेच म्हणे, लाल असते. निळं ते औषध, वेगळंच येते, कपड्याचं नाई. आधी मॅडम हिरडीच्या आतून सगळी घाण खरडून काढतात, दोन-दोन खेपा, अन् खरं काम तेच. मंग हिरडी अन् दाताच्या मधात ज्या फटी राह्यतात त्यात ते निळं सोडतात, जरा थांबतात, अन् सुईवानी बारीक दांडी आत घालून लाईट दाखवतात. औषध जंतूंले चिकटलेलं असते, त्याच्यावर तो लाईट पडला का ते मरतात. नुसत्या लाईटनं काई होत नाई, नुसत्या निळ्यानं काई होत नाई. म्या म्हन्लं, मंग हिरडी पुन्हा वर येते का? तर म्हणे, “गेलेली येत नाई, आजी. हाय ते सांभाळाचं. लाईट म्हणजे वरून दिलेली जोड हाय, सगळ्याइले लागतच नाई. तुमाले लागते का ते मॅडम पाहून सांगतील.” अन् पह्यले काय, तर मिसरी बंद. मिसरी लावत राह्यलं तर खरडलेलंही वाया अन् लाईटही वाया.

मिसरी बंद. म्हणजे वैजीलेही हेच सांगितलं असंल ना? म्हणून ती ओट्यावर— मी तिथं डबी उघडून बसलेली, अन् तिले येता येईना. मले एका शब्दानं म्हन्लं असतं तर मी काय जबरदस्ती तिच्या तोंडात कोंबली असती? कोंबली असती. “एवढीशीनं काय होते,” म्हन्लं असतं. म्हणतेच मी.

अन् पोरगी लिहिता लिहिता म्हणे, “तुमी वैजयंतीकाकूंच्या गावच्या ना? त्यांचा समोरचा बसवलेला दात नीट बसला का?” म्या म्हन्लं, कोणता बसवलेला दात? तर म्हणे, “खालचा. त्यांचा आधीचा तर लाईटच्या अगोदरच काढा लागला, मुळापासून हालत होता. बाकीचे धरले.” अन् मान खाली घालून लिहितच होती, “परवाच फोन होता त्यांचा— माही शेजारीण येईल, गोजराबाई, तिच्याकडं नीट लक्ष द्या, घाबरते ती, दाखवत नाई. फक्त माह्या दाताचं तेवढं तिले—” अन् मंग तिनं फारमवरचं नाव वाचलं. अशी जीभ चावली पोरीनं. मी म्हन्लं, लिही, बाई, लिही. गोजराबाईच लिही.

नानीबाईले माहीत. सुकेशनीलेही माहीत असंल. तेच सांगत होती नानीबाई तिथं गिरणीवर. अख्ख्या गावात मलेच नाई. बत्तीस वरसं माह्याच हातची मिसरी लावून तिचा दात गेला, अन् तो गेला हे मलेच—

अन् पाहा. पाह्यलं तुमी? पाच मिनिटं नाई झाले मले समजून, अन् तुमाले सांगून बसली मी. अनोळखी बाई तुमी, मंगरूळच्या, नावही नाई इचारलं म्या तुमचं, अन् कोणता दात गेला तेही सांगून टाकलं. तिनं जे तिच्या सुनेच्या तोंडूनही येऊ दिलं नाई, ते म्या इथं बाकड्यावर—

काय म्हणता? कापूस काढला वाटते तुमी. वैजयंती कोणाची? मानोऱ्याकडच्या कोणत्या गावची?

नाई. मले नाई माहीत. तुमचा अर्धा घंटा झाला ना? मंग जा, बाई. मंगरूळची गाडी लागली असंल. माहा नंबर आला. जा ना.