दिनकरकाकांचा पोपट

बसते हो काका, बसते – पण आधी तुमचा पोपट दाखवा. कुठला म्हणजे? तुम्हीच नाही का फोनवर म्हणालात, ‘अगं, तो पोपट ओरडतोय’? त्याच्यासाठी मिरच्या आणल्यात, या बघा, चांगल्या हिरव्यागार. व्हरांड्यात पिंजरा दिसला नाही, खिडकीत नाही, आणि तुमच्या डोक्यावर तीन वर्षं राहतेय मी, पण आजवर एकदाही ‘विठू विठू’ कानावर आलं नाही. उडाला? अरेरे. नऊ दिवसांत आला काय, ओरडला काय, उडाला काय! हसू नका. नाही, चहा नको – बरं, अर्धा कप. पण चहाच्या निमित्तानं आत पळणार असाल तर अर्धाही नको.

तशी माफीच मागायला हवी तुमची. आमच्या घरी फोन यायचा नंबर लागेल तेव्हा लागेल, तोवर साऱ्या प्रवासाची बातमीदारी तुमच्याकडे. सकाळी एक फोन, संध्याकाळी एक – बरं, संध्याकाळी दोन. दर वेळी तुम्ही जिन्यात उभं राहून सासूबाईंना हाका मारायच्या, आईंनी सोहमला कडेवर घेऊन खाली यायचं, आणि मी विचारायचं काय? वरणभात खाल्ला का, शी झाली का, रडला का. रडला म्हटलं तर जीव जायचा, आणि रडला नाही म्हटलं तर – खरं सांगू? – जरा जास्तच जायचा. देवेंद्र म्हणाला, नवऱ्याबरोबर पाटणची वाव बघायला आलीयेस की गुजरातमधले एसटीडी बूथ?

मला जायचंच नव्हतं हो. त्याची एलटीसीची प्रवास-सवलत डिसेंबरअखेर बुडणार होती – रिफायनरीवाल्यांचं तसंच, सरकार फिरा म्हणालं की फिरायचं – आणि आईच म्हणाल्या, जा, लग्न झाल्यापासून डभोईच्या पुढे गेलात कुठे? गेलो. आणि काय बघितलं? त्या वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, एकेक मूर्ती अशी की बघत राहावं, देवेंद्र पुस्तिकेतून मोठमोठ्यानं वाचतोय, आणि मला आपल्या नुसत्या पायऱ्या दिसतायत, आणि पायऱ्यांवरून गडगडत जाणारा सोहम! जुनागढच्या किल्ल्यात ती केवढी तोफ – माझ्या मनात काय, तर हिच्या तोंडात अकरा महिन्यांचं मूल सहज मावेल. होमसायन्सला बालविकास घेऊन पहिली आलेली बाई मी. मीच पेपरात लिहिलंय, मूल नवव्या ते पंधराव्या महिन्यात केव्हाही चालू लागते. केव्हाही! मग मी कशाच्या जोरावर धरून चालले की हा तेराव्यातच चालेल? तर देवेंद्र तेराव्यात चालला होता म्हणून. हे माझं शास्त्र.

मग दीव. सहावा दिवस. किल्ला बघून झाला, बूथमध्ये शिरले. तुम्ही उचललात, आई आल्या, म्हणाल्या, ‘थांब, त्याच्याशीच बोल.’ मी आपली ‘सोनू, आई बोलतेय, आई’ करतेय – आणि मागून आवाज. पीं. मग थोडं थांबून, पीं. मग पीं, पीं. बूट तुम्हीच आणलेत ना मंगळबाजारातून, टाच टेकली की शिट्टी वाजणारे? काका, कडेवरच्या मुलाचे बूट वाजत नाहीत. रांगणाऱ्याचे नाहीत. हात धरून चालवलं तर लगबगीनं वाजतात, आणि हे थांबत, विचार करत, जवळ जवळ येत होते. चारदा वाजले, मग धप्प, मग आईंचं ‘अगोबाई!’ – आणि रिसीव्हर काढून घेऊन तुम्ही म्हणालात, पोपट!

मला कळलं हो. लगेच कळलं. बाहेर आले, देवेंद्रनं विचारलं, कसा आहे? मजेत, म्हटलं. तिच्यामागे चालला हे ऐकलं तर तिला वाईट वाटेल, ती रडेल – असंच ठरवलं असणार तुम्ही दोघांनी, म्हणून तर तो बिचारा पोपट. पण मी रडलेच नाही, काका. आम्ही समुद्रावर गेलो. साडी गुडघ्यापर्यंत वर धरून पाण्यात उभी राहिले, एक लाट आली ती देवेंद्रचा चष्मा घेऊन गेली, आणि तो पाण्यात चाचपडतोय आणि मी हसतेय – इतकं हसलो, इतकं, की अंधार पडेपर्यंत मला सोहमची आठवणसुद्धा आली नाही. आणि दुसऱ्या दिवशी – एका कोळ्यांच्या गावात मासळी निवडत बसली होती एक बाई, तिचं पोर कमरेला फडकं बांधून होडीच्या खुंटाला अडकवलेलं, तिनं मला विचारलं, ‘तमारे केटलां छोकरां?’ आणि मी म्हणाले, अजून नाही. का म्हणाले कोण जाणे. आहे म्हटलं असतं तर मागोमाग ‘क्यां छे?’, कुठे आहे, आलं असतं. त्या दिवशी फोनच केला नाही मी. तुम्ही थांबला होतात ना फोनपाशी? आईही? दोनदा येऊन गेल्या? – हे नव्हतं सांगायचं मला. मी मिरच्या द्यायला आले होते. आईंना सांगू नका. देवेंद्रला तर नकोच.

आणि काल आल्यापासून वर काय चाललंय म्हणून सांगू! बूट माळ्यावर गेलेत. मी खोलीत शिरले की आई सोहमला चटकन खाली बसवतात. तो उठतो, त्या बसवतात, तो उठतो – त्याला बिचाऱ्याला वाटत असेल, चालणं हा गुन्हा आहे. ‘धड उभाही राहत नाही अजून,’ म्हणतात, आणि लगेच, ‘पण आज दिवस चांगला आहे हं, आज चालेल बघ.’ देवेंद्रची बस आली की पाच वाजता काकांकडे जाऊ, तू पुढे हो, म्हणाल्या. मुहूर्त काढलाय पहिल्या पावलाचा! आणि तुम्ही कॅमेरा भरून ठेवलाय. वर्तमानपत्राखाली आहे, पट्टा दिसतोय.

तर ती मंडळी यायच्या आत एवढंच सांगा. कुठून कुठे चालला? या खुर्चीपासून? ही धरून उभा होता – बरं. आणि कुठवर? टेबलापर्यंत. म्हणजे फोनच्या. आईंनी रिसीव्हर त्याच्यापुढे धरला होता आणि आतून मी बोलत होते, आणि ते ऐकून त्यानं खुर्ची सोडली? माझ्या आवाजाकडे? – माझ्याकडे बघून सांगा, काका. चष्मा काय पुसताय? खरंच असं झालं, की हाही पोपटच?

थांबा. बसचा हॉर्न ना हा? जिन्यात चपला वाजतायत आईंच्या. मिरच्या लपवा आधी, आणि कॅमेरा घ्या हातात – दाराशी उतरवलं वाटतं त्याला, माळ्यावरचे बूटही निघाले, ऐकलंत? पीं. गप्प बसा आता, एक अक्षर नको – ‘अगोबाई’ म्हणायची पाळी माझी आहे.