कार्डावरचा लांबलचक नंबर

आई गेल्यावर तिचा फोन नंबर बंद करायला मी मोबाइलच्या दुकानात गेले होते. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं आणि काउंटरमागे एक मुलगी.

"बाळ, हा नंबर नको. मला जुनाच हवा."

"काका, हा सिमकार्डाचा नंबर आहे. तुमचा फोन नंबर नाही."

"केवढा लांबलचक! माझ्या ताईला कसा पाठ होणार?"

"अहो, या मुलीला बोलू तर द्या. सिम पुसायला काढलंत आणि मोडलंत, वर तिलाच दटावताय."

"हे बघा काका. पहिले दोन आकडे जगभर सारखेच. मग देशाचे, मग कंपनीचे, पुढचे या एका कार्डाचे. शेवटचा आकडा आधीचे बरोबर लिहिलेत का ते तपासायला."

"म्हणजे आमच्या सासूबाईच! मागे बसून सगळ्यांच्या चुका काढायच्या."

"माझ्या आईवर घसरू नकोस. बाळ, यात माझा नंबर कुठाय?"

"यात नाहीच. तो आमच्याकडे असतो. आता तो या कार्डाला जोडलाय."

"नक्की ना? ताई माझं नावसुद्धा विसरलीय गं. हा नंबर तेवढा तोंडपाठ आहे तिला."

"दिवसातून दहादा लावते! सकाळपासून फोन बंद, तर यांच्या घशाखाली घास उतरला नाही."

मुलीने कार्ड घालून फोन सुरू केला. थोड्या वेळाने तो वाजला.

"ताई? हो, बरोबर लागलाय. कोण म्हणून मलाच काय विचारतेस? फोन तू केलायस! नाही, नाही, ठेवू नकोस. बोल."

बाई माझ्याकडे वळून हसल्या.

"तुम्ही व्हा पुढे. यांचं आता तासभर चालेल."