पोचायचा वार

कोलंबोच्या बंदर-कचेरीत बढतीच्या अर्जाची वाट बघणाऱ्या कारकून कंदय्याशेजारी गलबतावरचा एक तांडेल आणि त्याची बायको बसली होती.

"कप्तानीच्या परीक्षेत नापास कशानं झालात?" तिनं विचारलं.

"साहेब म्हणाला, नागपट्टणमला कधी पोचशील? निघायच्या आधी पोचायचा वार कोण तोंडातून काढतो?"

"मग?"

"म्हटलं, मारिअम्मन आई नेईल तेव्हा."

"धन्य! गव्हर्नरापर्यंत अर्ज गेला, तेव्हा कुठं पुन्हा बसायला मिळतंय. आज वार सांगून टाका."

"अपशकुन झाला तर?"

"मारिअम्मनला नारळ बोललेय मी. जा!"

तांडेल आत गेला. थोड्या वेळानं दारापलीकडून खणखणीत आवाज आला, "शुक्रवारी, साहेब! दिवस मावळायच्या आत!"

तिनं वर पाहिलं.

"बघा अण्णा," ती कंदय्याला म्हणाली, "छप्पर जागच्या जागी आहे."