घ आणि ध

—नाही मॅडम, अक्षर छानच आहे, मी कुठं वाईट म्हणतेय? प्ले-स्कूलवाले सगळे हेच मागतात. बेव्हर्ली पार्कातल्या दाताच्या डॉक्टरांचा बोर्ड ह्यातच केलाय मी, आइस्क्रीमवाल्याचा पण — बघा ना, रेघ सगळीकडे सारखी जाड, टोकं घासून गोल केलेली, आणि ह्या व चं पोट कसं, कंपासनं काढल्यासारखं. ह्या अक्षरात वकिलाची नोटीस छापली तर माणूस घाबरायचाच नाही. बोर्ड करू. फक्त मुलांचा अक्षरांचा तक्ता पण ह्यातच म्हणताय ना — तो नको.

का म्हणजे — आमचे मिस्टर पेंटर. सदू पेंटर म्हणून विचारा, इकडे भाईंदर पश्चिमेला अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. मग मीच ह्या कॉम्प्युटरवर तक्ता केला — त्यांनी डाव्या हाताचं बोट अक्षरावर ठेवायचं, मी वाचायचं. फॉन्ट हाच घेतला, म्हटलं आजारी माणसाच्या डोळ्यांना जरा मऊ. पहिल्या दिवशी च दाखवला, मग ह. चहा. रडतच केला मी तो चहा. दोन महिने चाललं बघा तसं, मजेत.

मग एकदा दुपारी त्यांना खुर्चीत बसवलेलं, मी तिथंच भाजी फोडणीला टाकतेय, त्यांनी तक्ता वाजवला. घ. मग र. मी म्हटलं, अहो, घरीच आहोत. परत घ, परत र, जोरात. मी म्हटलं, गावचं घर आठवलं का, जाऊ हां गणपतीला — आणि गॅस बारीक करायला वळले. ते खुर्चीतून घसरत होते, मॅडम. धर म्हणत होते. मला धर. हे बघा — ध च्या डोक्यावर रेघ तुटायला पाहिजे, ह्यात ती गोल करता करता मिटलीये, लांबून दोन्ही सारखेच. नजर कमी झालेली, बोट चुकलं त्यांचं. नाही — त्यांचं कशाला चुकेल, अक्षर मी निवडलेलं. खुब्याचं हाड मोडलं.

आणि सांगू का — तक्ता पहिल्यांदा दाखवला ना, तेव्हा त्यांनी घ वर बोट ठेवलं, मग ध वर, आणि मान हलवली. मला वाटलं, आवडला. चाळीस वर्षं अक्षरं काढलेला माणूस.

नवा केलाय आता, साध्या अक्षरात, मोठा. बघत नाहीत. मी त्यांचा हात उचलून अक्षरावर ठेवते, तो तिथंच पडून राहतो. कुठल्या अक्षरावर ठेवू — मला कळत नाही.

असू दे. तुम्ही संध्याकाळी या, बोर्डाचं डिझाइन दाखवते. दार ओढून घ्या जाताना.