सोनीची टोपली

परवा प्रकाशकाचं पोस्टकार्ड आलं. माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतोय, पण म्हणतो, "चाळीस वर्षं फार होतात, दहा करा." मी नाही म्हणून कळवलं. का, ते ऐका.

माझ्या गोष्टीतली मुलगी मोहाच्या झाडाखालून काळात हरवते आणि चाळीस वर्षांनी तेवढीच लहान परत येते. वडशाजवळच्या एका शाळेत मी ती वाचून दाखवली. मागे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "भाऊ, चाळीस म्हंजे पक्के ना? माही सोनी मोहफुलं वेचाले गेली, त्याले एकोणचाळीस झाले."

मी म्हणालो, "बाई, गोष्ट मनची आहे." ती नुसती हसली.

पुढच्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत मुद्दाम गेलो. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवतात, तसा तिनंही झाडला होता. त्या स्वच्छ मातीवर दोन टोपल्या होत्या, एक मोठी, एक अगदी लहान. दोन्ही भरलेल्या.

"बाई, लहान टोपली कोणी भरली?"

"हळू बोला भाऊ," म्हातारी म्हणाली. "आत्ताच झोपली ते."